जगाची वार्ता आपल्या बोलीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. सातवी पास झाले आणि शाळा सुटली. मंडळात आजवर माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि चहा करण्याचे. त्यामुळे चिटणीसबाई जेव्हा म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोला," तेव्हा मला वाटले थट्टाच करताहेत. "मी कशावर बोलू?" असे विचारले, तर म्हणाल्या, "तुमची मुलगी आणि तिच्या कॉलेजातली मुले जगाच्या बातम्या सोप्या करून सांगतात ना, त्यावर बोला." विषय परदेशाचा आणि बोलणारी मी! पण मुलांच्या त्या उद्योगातली पहिली विद्यार्थीण मीच, तेव्हा चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे असे समजते. चुकले तर पदरात घ्या.

आधी हा उद्योग काय ते सांगते. त्याला पॉडकास्ट म्हणतात. नावाला भिऊ नका. मोबाईलवर बोलणे भरून ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने हवे तेव्हा ऐकायचे, एवढेच ते आहे. आमच्या लहानपणी आकाशवाणी जळगाव केंद्राचा कार्यक्रम वेळेवर ऐकावा लागे. पोळ्या लाटताना चुकला तर चुकलाच. हे म्हणजे बरणीतले लोणचे. भरून ठेवलेले असते, जेवायला बसाल तेव्हा वाढून घ्या. आमची मुले असे दहा-दहा मिनिटांचे बोलणे भरतात, आणि त्यात लांबच्या देशांत काय चालले आहे ते सांगतात.

आता तुमच्यातली कोणी म्हणेल, आम्हां बायांना लांबच्या देशांशी काय करायचे? मीही हेच म्हणत होते. पण २४ फेब्रुवारी २०२२ या दिवसाने माझे तोंड बंद केले.

त्या दिवशी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेला. गावाचे नाव खारकीव्ह. आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. आक्का दिवसभर टेलिव्हिजनपुढे बसून राहिल्या. पडद्यावर आग, धूर आणि आरडाओरडा. एकाच वेळी चार माणसे बोलतात, पाचवा त्यांच्यावर ओरडतो. संध्याकाळी आक्का आमच्या ओट्यावर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "माले काही समजनं नही व माय."

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या दोन मैत्रिणी आणि वर्गातला एक मुलगा आमच्याकडेच अभ्यासाला बसले होते. तिने आतून परात आणली, तीत गहू पसरले आणि बोटाने रेघा ओढल्या. "आक्का, हा युक्रेन. हे खारकीव्ह, अगदी पूर्वेला, रशियाच्या हद्दीपासून साधारण चाळीस किलोमीटरवर. म्हणून तिथे मारा जास्त. विमाने बंद झालीत, म्हणून आपल्या मुलांना जमिनीवरून पश्चिमेला जावे लागेल. हा पोलंड, हा रुमानिया, हा हंगेरी, हा स्लोवाकिया. तिथे पोचले की आपली विमाने घ्यायला येतील. पण ती हद्द खारकीव्हपासून सुमारे हजार किलोमीटर. आपण नंदुरबारहून नागपूरला जाऊन परत यावे एवढा पल्ला."

आक्कांनी परातीकडे बघून विचारले, "मधी काय शे?" त्या दिवसातला तो त्यांचा पहिला प्रश्न. तोपर्यंत त्या नुसत्या रडत होत्या. भगिनींनो, समजले म्हणजे दुःख कमी होते असे नाही. पण दुःखाला हातपाय फुटतात, माणूस विचारू लागते, हे मी त्या रात्री पाहिले.

त्या परातीपुढे जे बोलणे झाले, ते मुलांनी दुसऱ्या दिवशी मोबाईलवर भरले आणि ओळखीच्या घरांना पाठवले. आमच्या मुलांचा पहिला पॉडकास्ट तो.

पहिले भरलेले बोलणे मी ऐकले आणि सांगितले, "हे कोणासाठी केले? मास्तरांसाठी?" त्यात 'सार्वभौमत्व' होते, 'भूराजकीय' होते, 'द्विपक्षीय' होते. वर्गातला तो मुलगा म्हणाला, "काकू, पुस्तकात असेच शब्द आहेत." मी म्हटले, "पुस्तक परीक्षेत लिही. इथे सांगताना सातवी शिकलेल्या बाईला कळले नाही तर तुझे शिक्षण तुझ्याजवळच राहिले." बिचाऱ्याने ऐकले. 'सार्वभौमत्व' काढून 'आपल्या घरात आपला हुकूम' असे घातले. तेव्हापासून प्रत्येक बोलणे आधी मला ऐकवायचे, मी मान हलवली तरच पुढे पाठवायचे, असा त्यांचा नियम झाला. भाकरी थापता थापता मी परीक्षक झाले!

दुसरी गोष्ट शब्दांपेक्षा मोठी आहे, ती नीट ऐका.

२ मार्चला आपल्या वकिलातीने खारकीव्हमधल्या सगळ्या भारतीयांना सांगितले की, तिथल्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजायच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर पायी निघा. गावाबाहेर तीन ठिकाणे नेमून दिली होती, अकरा ते सोळा किलोमीटरवर. इकडे आपले सहा वाजले, मुलाचा फोन नाही, आणि आक्कांनी हंबरडा फोडला. मुलीने घाईघाईने दोन मिनिटांचे बोलणे भरून पाठवले: तिथले सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, अजून वेळ आहे, मुले चालत असतील, बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवला असेल. साडेतीन तासांचा तो फरक कोणी सांगितला नसता, तर त्या माउलीने ते साडेतीन तास कसे काढले असते?

त्याच रात्री मोबाईलवर दुसरी बातमी फिरू लागली. आपल्या मुलांना बाहेर पडता यावे म्हणून रशियाने सहा तास लढाई थांबवली आहे! गल्लीत आनंदीआनंद झाला, कोणी देवापुढे साखर ठेवली. वर्गातला मुलगा तर लगेच बोलणे भरायला बसला. पण माझी मुलगी म्हणाली, "थांब. ही बातमी कोणी दिली? सरकारने सांगितले का? दोन ठिकाणी खात्री होईपर्यंत आपण नाही म्हणायचे."

आक्का तिच्यावर फार रागावल्या. "तुमना तोंडमाईन एक चांगला शबद निघत नही," म्हणाल्या. मलाही लेकीचा राग आला. बाईला धीर देणारी बातमी, खरी असो नसो, सांगायला काय जात होते? आम्ही दोघी मायलेकी त्या रात्री एकमेकींशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्यानेच सांगितले की, लढाई कोणी थांबवून धरली हे म्हणणे बरोबर नाही. अमुक वेळी अमुक वाट मोकळी आहे एवढेच कळले होते आणि त्यावरून मुलांना निघायला सांगितले. आक्कांचा मुलगा चालत गेला तो चालू लढाईतच. पुढच्या आठवड्यात तो पोलंडच्या वाटेने सुखरूप घरी आला. त्याच्यासारखे वीस हजारांवर भारतीय त्या मोहिमेत परत आले. कर्नाटकातला एक विद्यार्थी मात्र १ मार्चलाच खारकीव्हमध्ये मारला गेला होता, हे आपण विसरू नये.

मुलगा आल्यावर आक्का पेढे घेऊन आल्या. लेकीच्या हातावर पेढा ठेवून म्हणाल्या, "सगळ्या खुशीच्या बातम्या सांगत व्हत्या, तू एकटी म्हने माहीत नही. मंग तू जे सांगे ते माले खरं वाटे." भगिनींनो, मुलांच्या सगळ्या उद्योगाचे प्रमाणपत्र मला या बोलण्यात दिसते. ज्याला 'माहीत नाही' म्हणता येते, त्याच्याच 'माहीत आहे'ला किंमत असते.

ही मुले काही नवीन करताहेत असेही मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्याला ही रीत जुनीच आहे. १९४२ साली ८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, आणि ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर शाळेतल्या मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा; त्याने आणि त्याच्या चार सोबत्यांनी गोळ्या झेलल्या. लांबची वार्ता गावच्या चौकात आणणारे तेव्हाही विद्यार्थीच होते.

त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने शिक्षण बाजूला ठेवून, सोबत्यांच्या मदतीने गुप्त नभोवाणी चालवली. ती आपल्या शेजारच्या सुरत भागातली, सरस गावची. २७ ऑगस्ट १९४२ ला त्यांचा आवाज ४२.३४ मीटरवर पहिल्यांदा उमटला. जगभर महायुद्ध पेटलेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. चितगावावर बॉम्ब पडले, आष्टी-चिमूरला अत्याचार झाले, या बातम्या लोकांना या मुलांनी दिल्या. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवीत. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात राहिल्या. पुढे त्याच बाई मुंबईच्या विल्सन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागल्या.

आज आवाज पाठवण्यासाठी लपावे लागत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. पुढे २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आपले छोटे रेडिओ केंद्र काढता येऊ लागले. पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' त्यातलेच. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्याच बातम्या ऐकवाव्या लागतात. पॉडकास्टला अशा परवान्याची गरज नाही. म्हणून मुलांना जगाविषयी बोलायला ही वाट सापडली. वाट मोकळी आहे म्हणूनच बोलणाऱ्याने जीभ जपली पाहिजे.

बरे, लढाई तिकडे झाली म्हणून इकडे चूल तशीच राहिली का? आपल्या देशात येणारे सूर्यफुलाचे तेल बहुतेक युक्रेन आणि रशियाकडून येत होते. त्याचा भाव चढला. तेवढ्यात २८ एप्रिल २०२२ पासून इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणे बंद केले, ते २३ मेला पुन्हा सुरू केले. ऐन लग्नसराईचे, कुरडया-पापडांचे दिवस! आपण तेलाच्या डब्यावरून दुकानदाराशी भांडत होतो. त्या बिचाऱ्याचा हात इंडोनेशियापर्यंत कुठे पोचणार? मुलांनी हे सांगितले तेव्हा मंडळातल्या कितीजणींनी ते पुन्हा ऐकले, हे तुम्हांला आठवत असेल. आपल्या पथारीवर वाळणारी मिरचीसुद्धा भावासाठी नंदुरबारबाहेर बघत असते. परदेशाचे राजकारण आपल्या फडताळात येऊन बसले आहे. आपण त्याला ओळखत नाही इतकेच.

आता मुलांच्या चार उणिवाही सांगते. परीक्षा आली की यांचा आवाज दोन-दोन महिने गप्प होतो. कधी एकाच देशाची बाजू धरून आवेशात बोलतात, तेव्हा मी म्हणते, "भाऊबंदकीच्या भांडणात मी दोन्ही जावांचे ऐकते, तसे तुम्हीही ऐका." आणि मोठी उणीव ही, की मराठी व अहिराणीच्या पुढे त्यांची मजल गेलेली नाही. अक्कलकुवा, धडगावच्या आपल्या बहिणी भिली, पावरी बोलतात. त्या घरांतली मुलेमुली कॉलेजात शिकत आहेत. त्यांनी आपल्या बोलीत सांगितले पाहिजे.

तुम्ही नवापूरचे स्टेशन पाहिले असेल. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजराथेत. गाडी येणार असली की तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत सांगतात. गाडी एकच, पण कोणाची चुकू नये म्हणून सांगणारा चारदा तोंड उघडतो. जगातली उलथापालथही तशीच एक गाडी आहे. ती सगळ्यांच्या दारावरून जाते, आणि सूचना मात्र एखाद्याच भाषेत होते. ज्यांना ती भाषा येत नाही, त्यांना गाडी आल्याचे धक्का लागल्यावर कळते.

म्हणून मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. दर शनिवारी भजन आटोपल्यावर दहा मिनिटे बसावे, मुलांचे एक बोलणे ऐकावे. आणि एक वही ठेवावी. त्या वहीत आपण प्रश्न लिहावेत, लिहिता येत नसेल तिने सांगावा, दुसरीने लिहावा. तेल का महागले, खत का मिळत नाही, आखातात गेलेल्या भाच्याच्या गावाजवळ लढाई आहे का, काहीही. मुलांनी पुस्तकातून विषय काढण्यापेक्षा आपल्या वहीतून काढावेत. नुसते ऐकत बसू नये. विचारणारी बाई असली की सांगणाऱ्यालाही नीट शिकावे लागते.

वही मी आणली आहे. पहिला प्रश्न आक्कांनी सकाळीच लिहून दिला. त्या विचारतात, "त्या गावची जी मुलं तठेच राहिली, त्यास्नं काय झायं?" आपला मुलगा घरी आल्यावरही दुसऱ्यांच्या मुलांची आठवण ठेवणारा हा प्रश्न आहे. उत्तर आमच्या मुलांना अजून नीट सापडलेले नाही, ती शोधत आहेत.

फार बोलले. आता चहा तयार आहे. तो करायची सवय मात्र सुटलेली नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.