वाचकाच्या हाती नकाशा

ग्रंथालयाचे वैभव ग्रंथसंख्येवरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ग्रंथ असूनही तो सापडत नसेल, तर त्या वाचकापुरता तो नसल्यासारखाच होय. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतील चौथे सूत्र.

ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, एवढे तालिका सांगते. ते कपाट कोणत्या दालनात, हे ती सांगत नाही. विचारावयास संकोचणारा नवखा वाचक मग दोन फेऱ्या मारून रित्या हाताने परततो. त्याच्यासाठी दाराशी नकाशा हवा. वास्तुशिल्पकाराचा आराखडा येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात भिंतींची जाडी असते, कपाटांतील विषय नसतात.

असा नकाशा काढण्यास आज खर्चाची अडचण उरलेली नाही. २००३ साली सुरू झालेले ‘इंकस्केप’ हे चित्ररेखनाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणीही ते विनामूल्य घ्यावे, वापरावे, बदलावे आणि इतरांस द्यावे, अशी त्याच्या परवान्याची मुभा आहे. त्यातील रेषा ठिपक्यांनी नव्हे, गणिती वर्णनाने साठविल्या जातात. म्हणून तोच नकाशा हस्तपत्रिकेवर छापा वा भिंतीएवढा करा, रेषा फुटत नाही.

कृतीही अवघड नाही. प्रथम फीत घेऊन दालन मोजावे. एका मीटरला एक सेंटिमीटर धरल्यास बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद दालन साध्या ए-४ कागदावर सहज मावते. मग एका थरावर भिंती, दुसऱ्यावर कपाटे व तिसऱ्यावर विषयांची नावे घालावीत. इंदूर वा हैदराबाद येथे अन्य भाषांतील नावांचा निराळा थर करून हवा तो दाखविता येतो. विषय केवळ रंगांनी दर्शवू नयेत, क्रमांकही द्यावेत. सर्वांनाच रंगांतील भेद कळतो असे नाही. भिंतीवरील नकाशात वाचकाच्या समोरची बाजू वर असावी, आणि ‘आपण येथे आहात’ ही खूण विसरू नये.

तथापि पैसे वाचले, हा लाभ दुय्यम होय. ग्रंथालय वाढते आणि कपाटे हलतात. कालचा नकाशा आज वाचकाची दिशाभूल करू लागला, तर तो नसलेला बरा. वार्षिक वर्गणीवरील सॉफ्टवेअर वर्गणी थांबली की सहसा दुरुस्तीची वाट बंद करते. मुक्त साधनात ती वाट खुली राहते. कपाट सकाळी हलविले, तर ग्रंथपालाने दुपारी नकाशातही ते हलवावे आणि नवा कागद दाराशी लावावा. ग्रंथालय लहान असो वा मोठे, एवढी तत्परता त्याला आता परवडण्याजोगी आहे. आणि वाचकाचा तिच्यावर हक्क आहे.