रताळं फक्त उपासालाच का?

(चौल येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी रताळ्यावर बोलणार म्हटल्यावर समोरच्या दोघी-तिघी हसल्या. एक काकू म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? एकादशीला खातोच की आम्ही." काकू, तुमचं हेच वाक्य मी धरून ठेवणार आहे. एकादशीलाच का?

मी समाजकार्याची पदवी घेतली, एम.एस.डब्ल्यू. केलं, आहाराचे तक्ते पाठ केले. पण माझ्या स्वतःच्या आईच्या ताटात काय पडतं, हे मला तिशी ओलांडल्यावर दिसलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यातले दोन-तीन दिवस उपास, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात राहील ते. तिला चक्कर आली, रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ. बाईचं ते बारा असायला हवं. घरात धान्य कमी नव्हतं. कमी होतं ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाच.

आता रताळ्याकडे येऊ. उपासाला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय भाग. त्यात प्रथिनं नावाला, जीवनसत्त्वं नाहीतच. दाण्याचं कूट घातलं तर तेवढाच आधार. रताळ्यात पिष्ट आहेच, पण चोथा आहे, पोटॅशियम आहे, थोडं क जीवनसत्त्व आहे. चोथ्यामुळे पोट साफ राहतं, भूक लवकर लागत नाही. साखरेचा आजार असेल तर भाजलेल्यापेक्षा उकडलेलं बरं, कारण त्याने रक्तातली साखर सावकाश वाढते. पण तेही बेताने, आणि भात-भाकरीच्या जोडीला नव्हे, त्याऐवजी.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र रंगावर आहे. आपल्या बाजारात बहुतेक लाल सालीचं, आतून पांढरं रताळं येतं. त्यात अ जीवनसत्त्व फारसं नाही. आतून नारिंगी असलेल्या रताळ्यात ते भरपूर असतं. एका मध्यम रताळ्यात बाईची दिवसाची गरज जवळजवळ भागते. डोळ्यांना, पोरांच्या वाढीला, आजाराशी झुंजायला ते लागतं. ते अंगी लागायला थोडी चरबी हवी, म्हणून वर ओलं खोबरं घाला. आपल्या नारळाच्या वाड्यांत त्याला काय तोटा?

आणि एक गोष्ट खरी सांगते, कारण बाईला खोट्या आशेवर ठेवणं हाही अन्यायच आहे. रताळ्याने रक्त भरून येत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. शंभर ग्रॅम रताळ्यात एक मिलिग्रॅमही नसतं. त्यासाठी पालेभाजी, कडधान्य, मासे-मटण चालत असेल तर ते, आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. रताळ्याचा कोवळा पाला मात्र टाकू नका. त्याची भाजी होते, आणि कंदापेक्षा पाल्यात लोह जास्त.

काही जणी म्हणतील, उपासाचं ते उपासाचं, रोज कसं खायचं? बायांनो, रताळं मुळात आपल्याकडचं नाही. ते अमेरिकेतलं, पोर्तुगीज जहाजांबरोबर आपल्या देशात आलं असं मानतात. तेच पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत इथे, आपल्या शेजारी रेवदंड्याला होते. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो शब्दही मूळचा रताळ्याचाच, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. म्हणजे हा परदेशी कंद कुणीतरी कधीतरी उपासाला चालवून घेतला, आणि धर्म काही बुडाला नाही. नियम माणसांनी केले, माणसांनी बदलले. मग बाईच्या रोजच्या ताटासाठी आपण तो का बदलू नये?

थंडीत आपल्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, त्यात बटाटे, रताळी. शेंगा खुडायच्या, धुवायच्या, मडकं भरायचं बाईने. मडकं फोडल्यावर पहिला घास कुणाचा, ते तुम्हीच आठवून बघा.

आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत नारिंगी रताळ्याचा प्रसार झाला. त्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे रताळं लावते ती मुख्यतः बाई. म्हणून वेलाचे तुकडे थेट बायकांच्या हातात दिले, आणि लहान पोरांच्या पोटात काय जातं ते पाहिलं. बाईला वगळून हे काम झालंच नसतं.

आपण काय करायचं? गटातल्या प्रत्येकीने परसात एक वाफा धरायचा. वीतभर वेलाचे तुकडे लावले की साधारण चार महिन्यांत रताळी निघतात. आपल्याकडे 'भू सोना' नावाची नारिंगी जात निघाली आहे. तिचं बेणं मिळेल का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला गटाच्या नावाने पत्र लिहून विचारू. एकटीच्या तोंडी विचारण्याला कुणी दाद देत नाही. गटाच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, वर्षातून दोनदा प्रत्येकीने रक्त तपासून घ्यायचं, आणि आकडा गटाच्या वहीत लिहायचा. बचतीचा हिशेब ठेवतो, तसा रक्ताचाही ठेवू.

आणि तिसरं सगळ्यात अवघड. आज घरी गेल्यावर आपलं ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्यायचं. उपास नसलेल्या दिवशीही एक रताळं उकडायचं, आणि त्याचा एक तुकडा स्वतःच्या ताटात, सगळ्यांच्या देखत ठेवायचा. सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांनाही एक तुकडा द्यायचा. त्यांनीही जन्मभर शेवटीच खाल्लंय.