शहराच्या धुराचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या माझ्यासारख्या बाईने हवामानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मुळात हिशेबाचा आहे, आणि महिनाअखेर वाण्याचे बिल जुळवणाऱ्या बाईला हिशेब नवा नाही.

कोळसा, पेट्रोल, गॅस जळला की कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो. ओला कचरा ढिगाखाली कुजला की मिथेन निघतो. हे वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे बसून ऊब अडवतात. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि मग पाऊस कोसळतो तो एकदम. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसाचा सगळा दोष या वायूंना देता येणार नाही. पण असे अतिवृष्टीचे दिवस वाढत जातील, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि पाणी आधी शिरते ते सखल वस्तीत, तळमजल्याच्या स्वयंपाकघरात.

आता एवढ्या मोठ्या शहराचा धूर मोजायचा कसा? प्रत्येक धुराड्याला तराजू लावता येत नाही. तेव्हा काय किती जळले ते नोंदींवरून काढायचे आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचे. आपल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो जळून सुमारे 42 किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. चौदाचे बेचाळीस कसे? जळताना हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो, त्याचे ते वजन. विजेच्या एका युनिटमागे देशाच्या सरासरीने सुमारे 700 ग्रॅम धरले, तर महिना 150 युनिट जाळणाऱ्या घराचे 105 किलो झाले. मिथेन अधिक तापदायक, म्हणून तो सुमारे 28 पटीने मोजतात. वीज, इंधन, वाहने, कचरा यांच्या नोंदी अशा मांडल्या की शहराचे खाते तयार होते.

2014 पासून यासाठी जगातल्या शहरांना एक सामाईक नियमावली आहे. तिचा एक नियम मला फार न्यायाचा वाटला. कोळसा डहाणूला जळतो आणि दिवा मुंबईत लागतो. तर तो धूर मुंबईच्याही खात्यावर धरायचा. दूर निघाला म्हणून तो परक्याचा होत नाही.

मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा काढला. त्यात 2019 सालचा हिशेब आहे: सुमारे 2 कोटी 34 लाख टन, म्हणजे माणशी 1.8 टन. शंभरातले 72 भाग वीज आणि इतर ऊर्जेचे, 20 वाहतुकीचे, 8 कचऱ्याचे. ही बेरीज 2030 पर्यंत 30 टक्क्यांनी, 2040 पर्यंत 44 टक्क्यांनी उतरवायची आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर आणायची, असा संकल्प आहे. निव्वळ शून्य म्हणजे जेवढा वायू सुटेल तेवढा परत शोषला जावा.

मागच्या भिशीला एका भगिनीने मला विचारले, "काटकसर आपणच करायची, आणि कोळसा जाळणारे मोकळे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या खात्यातच आहे. मोठा आकडा विजेचा आहे. आपण पंखे-दिवे जपून वापरावेत. पण वीज कोळशाचीच राहिली तर नुसत्या काटकसरीने 72 भागांचे ओझे उतरणार नाही. खोपोलीच्या केंद्रातून पाण्यावरची वीज 1915 सालापासून मुंबईला आली. आता तिच्या जोडीला ऊन आणि वारा आहे. वीज कशाची घ्यायची, बसगाड्या किती वाढवायच्या, हे वीजकंपन्यांनी, सरकारने आणि पालिकेने ठरवायचे आहे. ते आपण मागायला हवे. आकडा हाती असला म्हणजे नेमके मागता येते.

आपल्या हातातलेही काम आहे. ओला कचरा आवारातच खड्ड्यात घालून वरखाली करीत राहिले, हवा खेळती ठेवली, तर मिथेन फारसा होत नाही, आणि कुंड्यांना खत मिळते. गच्चीवर सूर्याच्या विजेचे पत्रे बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत काढता येईल.

माझी एक सूचना आहे. या वर्धापनदिनापासून मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने महिन्याची युनिटे आणि वर्षाचे सिलिंडर तीत लिहावे, आणि पुढच्या वर्षी याच सभेत बेरीज वाचावी. मग आपल्या शहराचा दर वर्षाचा आकडा पालिकेकडे पत्र पाठवून विचारावा. स्वतःची वही दाखवणाऱ्या बायकांना उत्तर टाळणे कठीण जाते.