घरात आधी बाळ गेलंय का?
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



"तू नक्की कसलं संशोधन करतेस गं?" असं सकाळपासून चौघांनी तरी विचारलं. ते सांगायचं तर आधी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात जायला हवं.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री तुमच्या कपड्यांना जर लावून देणारी माझी आई तुम्हाला आठवत असेल. पण मला दोन भाऊ होते, हे थोड्यांनाच माहीत असेल. दोघंही सहा-सात महिन्यांचे होऊन गेले. एकाला न्यूमोनिया झाला, दुसऱ्याचे जुलाब थांबेनात. आईचा एक भाऊही तान्हेपणीच गेला होता. "हिच्या माहेरचंच काहीतरी आहे," असं बायका बोलत. वाड्यातल्या बारशांना आईला बोलावणं येत नसे.

एम.एस्सी.ला असताना मी डेव्हिड व्हेटरबद्दल वाचलं. तो माझ्याच वयाचा, १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जन्मलेला. त्याचा मोठा भाऊ तान्हा असतानाच गेला होता, म्हणून डॉक्टर सावध होते. डेव्हिडला जन्मताच निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात ठेवलं. तिथे तो बारा वर्षं जगला. १९८४ मध्ये, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी, तो गेला. या आजाराला थोडक्यात 'स्किड' म्हणतात. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी या बाळांमध्ये तयारच होत नाहीत. डेव्हिडला होता त्या प्रकाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. आईकडे दोन एक्स असल्यामुळे ती निरोगी राहते, पण तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते.

भावांचं रक्त कुठे जपलेलं नव्हतं. पण पुढे आईची आणि माझी तपासणी केली, तेव्हा दोघींच्या त्या जनुकात एकच बिघाड निघाला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे त्या बायका खोटं बोलत नव्हत्या." मी म्हटलं, "आई, ते माझ्यातही आहे. माझा काय दोष?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझा गं कसला दोष?"

आता जीन थेरपीविषयी. बाळाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत चांगलं जनुक घालायचं आणि पेशी बाळाला परत द्यायच्या. स्किडच्याच एका वेगळ्या प्रकारासाठी सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर असा पहिला प्रयोग झाला. तिच्या रक्तातल्या पेशी वापरल्या होत्या. १९९९ पासून पॅरिसमध्ये डॉ. अलँ फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेव्हिडसारख्या मुलांवर उपचार केले. मुलं घरी गेली, शाळेत जाऊ लागली. पण काहींना पुढे ल्युकेमिया झाला आणि एक दगावला. विषाणूने जनुक भलत्या जागी, कर्करोगाशी संबंधित जनुकाशेजारी, नेऊन ठेवलं होतं. त्यानंतर अधिक सुरक्षित वाहक तयार झाले. आमचं काम आजही याच वाटेवर चाललं आहे, पण जपून.

आपल्याकडे परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे या आजारांच्या निदानाचं मोठं काम उभं केलं. निदानाला मी एवढं महत्त्व देते, कारण पहिल्या साडेतीन महिन्यांत प्रत्यारोपण झालं, तर ९० टक्क्यांहून अधिक बाळं वाचतात. संसर्गाने पोखरल्यावर आणलेल्या बाळाचं तसं नसतं.

आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा होताहेत, म्हणून एक मागणं मागते. घरात, विशेषतः सुनेच्या किंवा लेकीच्या माहेरी, एखादं बाळ वर्षाच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर ते लपवू नका. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजी उत्तम लस आहे, सगळ्या बाळांना द्यायलाच हवी. पण स्किडच्या बाळात तिचे जंतू अंगभर पसरू शकतात. म्हणून अशा घरातल्या बाळाला ती देण्याआधी तपासणी करून घ्या. सुरुवात साध्या सीबीसीने होते. तान्ह्या बाळाच्या लिम्फोसाइट ३,००० च्या खाली असतील, तर पुढची तपासणी हवीच.

आणि अशा आईला बारशाला आवर्जून बोलवा.