ऐकू येणे आणि कळणे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



‘आनंदी वार्धक्य’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आयोजकांची सूचना होती. सदतीस वर्षे शाळेत गणित शिकविल्यामुळे सिद्ध न झालेल्या विधानावर बोलण्याची आम्हांला सवय नाही. म्हणून आनंद तूर्त बाजूला ठेवून आम्ही आमच्या कानांविषयी बोलणार आहोत.

वार्धक्य वाजतगाजत येत नाही. ते सुईत दोरा ओवताना येते, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येते, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते तेव्हा येते. चाळिशीत लागलेला चष्मा आम्ही ऐटीत मिरविला. दातांची कवळीही निमूटपणे स्वीकारली. मात्र कानाला यंत्र लावण्याचा विषय निघाला की आमचा स्वाभिमान जागा होत असे. चष्म्याने माणूस विद्वान दिसतो आणि श्रवणयंत्राने म्हातारा, अशी आमची समजूत होती. (ही समजूत आमच्या एकट्याची नसावी.)

प्रारंभी आम्हांला आपल्यात काही उणे आहे असे वाटलेच नाही. उलट जगच पुटपुटू लागले आहे, असे वाटे. दूरदर्शनवरचे निवेदक पूर्वीसारखे स्पष्ट बोलत नाहीत, मुलांना उच्चार शिकवीत नाहीत, अशा तक्रारी आम्ही मोठ्या आवाजात करीत असू. पत्नीचे बोलणे कळेना, तेव्हा दोष तिच्या दातांना दिला. घाटावरील देवळातील घंटा मात्र स्वच्छ ऐकू येई, त्यामुळे कान ठणठणीत असल्याचा पुरावाच आम्ही रोज देत होतो.

यामागील शास्त्र आम्हांला फार उशिरा उमगले. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात सुमारे १५,००० अतिसूक्ष्म केशपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे सूर टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खालच्या पट्टीचे. वयोमानानुसार तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात आणि एकदा गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आपल्या भाषेतील स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दमदार असतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि नाजूक. म्हणजे शब्दाचा देह कानी पडतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. नातवंडांचा चिमणा आवाज तर सर्वांत आधी दुरावतो.

अशा वेळी माणूस एक युक्ती शिकतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, मान डोलवावी आणि ‘हो, हो’ म्हणावे. या युक्तीवर आम्ही पाच-सहा वर्षे सुखाने काढली. लग्नसमारंभ, बैठका, शेजाऱ्यांच्या गप्पा, सर्वत्र ती चालली.

आमची थोरली बहीण राजापूरकडे असे. तिला आम्ही अक्का म्हणत असू. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. २०१६ च्या श्रावणातील एका रविवारी ती बराच वेळ बोलत होती. आवाज क्षीण होता आणि मागे कोकणातला पाऊस कोसळत होता. फोनवर चेहरा नसतो. आम्ही नेहमीप्रमाणे ‘हो, हो, नक्की’ म्हणालो. तिने समाधानाने फोन ठेवला असावा. पत्नीने विचारले, “काय म्हणत होत्या अक्का?” आम्ही म्हणालो, “विशेष काही नाही.”

त्यानंतर नवव्या दिवशी अक्का गेली. तेराव्याला भाची आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, तुम्ही येणार म्हणाला होतात ना? आई रोज संध्याकाळी ओटीवर बसून वाट पाहत होती. एसटीची वेळ टळली की आत यायची.”

आम्ही तिला काय उत्तर दिले, ते आता आठवत नाही. राजापूर म्हणजे एसटीने एका दिवसाचा प्रवास. आम्हांला कोणतेच काम नव्हते.

त्याच महिन्यात आम्ही या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आलो. आवाज न येणाऱ्या बंद खोलीत बसवून दोन्ही कानांचा आलेख काढण्यात आला. आयुष्यभर फळ्यावर आलेख काढले. आपलाच आलेख उजवीकडे असा घसरलेला पाहताना वाईट वाटले. यंत्र बसले त्या दिवशी घरी जाताना आमच्या चपलांचा आवाज आम्हांला कित्येक वर्षांनी ऐकू आला. वर्तमानपत्राची घडी इतकी सळसळते, स्वयंपाकघरातील नळ रात्रभर ठिबकतो, हेही कळले. नळाविषयी पत्नी दोन वर्षे सांगत होती.

यंत्र म्हणजे नवा कान नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पंगतीच्या गोंगाटात आजही फजिती होते. सवय व्हायला काही महिने लागतात. त्या काळात पुष्कळ जण यंत्र कपाटात ठेवून देतात. किमतीचा प्रश्नही खरा आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ पासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. मध्यमवर्गीयाने मात्र मुलांपुढे हात पसरण्याचा संकोच बाळगू नये. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ गोष्टींमध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये श्रवणऱ्हासाची गणना केली आहे.

घरातील तरुण मंडळींना एक विनंती. आमच्याशी ओरडून बोलू नका, त्याने शब्द फुटतात. समोर येऊन, सावकाश बोला. आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारले तर ‘काही नाही, जाऊ दे’ असे म्हणू नका. ते वाक्य मात्र आम्हांला नेमके ऐकू येते.

हल्ली आमची नात फोनवर म्हणते, “आजोबा, तिसऱ्यांदा सांगते आहे हं!” आम्ही म्हणतो, “चौथ्यांदा सांग.”

आता थांबतो. समोरच्या दोन रांगांतील काही मंडळी मघापासून मान डोलावून आम्हांला होकार देत आहेत, असे दिसते. कान तपासण्याची खोली तळमजल्यावर, नेत्रविभागाच्या शेजारी आहे. ती आज सायंकाळी पाचपर्यंत उघडी राहील.