स्वागतभेट आणि बारीक अक्षरे



मोठ्या दुकानात खरेदी आटोपून ग्राहक पैसे चुकते करावयास येतो, तेव्हा त्याच्यापुढे दुकानाच्या नावाच्या क्रेडिट कार्डाचा अर्ज ठेवला जातो. सोबत हजार रुपयांच्या स्वागतभेटीचे आश्वासन असते. भेटीची रक्कम ठळक, अटी मात्र बारीक अक्षरांत असतात.

कार्डावर नाव दुकानाचे असले, तरी भारतात ते बँक किंवा वित्तसंस्था देते. म्हणजे ग्राहक त्या संस्थेचा ऋणको होतो. भेटही बहुधा रोख नसते. ठरावीक मुदतीत, त्याच दुकानात वापरावयाचे ते कूपन असते. कित्येकदा वार्षिक शुल्क भरून पहिल्या काही दिवसांत नेमून दिलेला खर्च केल्यावरच ते पदरात पडते.

समजा, २०,००० रुपयांचे देणे थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर १२६ रुपये. दुसरा महिना सरण्यापूर्वीच हजाराची भेट संपुष्टात येते.

व्याजदर व शुल्के यांची माहिती अर्जासोबत एका पानावर द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिला. देणे नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकास देण्याची तरतूदही त्यात आहे.

म्हणून ग्राहकाने ते पान आधी मागावे, घरी नेऊन शांतपणे वाचावे आणि मगच स्वाक्षरी करावी.