तुम्ही मूळचे कुठले?



बेळ्ळंदूरच्या परिसरात दोन मराठी कुटुंबे भेटली की दुसराच प्रश्न असतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ कोणी सातारा म्हणते, कोणी बेळगाव, आणि तेवढ्यावर समाधान होते. विज्ञानात हा प्रश्न इतक्या सहजी मिटत नाही. एका मराठी विदुषीला तर तो फार अवघड जागी विचारावा लागला.

इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. ‘युगान्त’ने त्यांना घरोघरी पोहोचवले ते पुष्कळ नंतर. डालेम येथील मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंत असमानता अधिक असणार, असा फिशर यांचा कयास होता. तो पडताळण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. त्यांतील काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. कशा आणल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. असमानता होती, परंतु वंशाशी तिचा संबंध दिसेना. परका देश, पदवी ज्यांच्या हाती त्यांचेच मत विरुद्ध. तरीही पंचविशीतल्या या विद्यार्थिनीने आकडे जसे निघाले तसेच लिहिले. पदवी मिळाली, श्रेणी मात्र खालची. 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलिया यांच्यासमवेत इरावतीबाईंनी गुजरातेतील लांघणज येथे उत्खननात भाग घेतला. सूक्ष्म दगडी हत्यारांसोबत तेथे माणसांचे सांगाडे मिळाले आणि मोजपट्टी पुन्हा त्यांच्या हाती आली.

आज सर्व मानवजातीचे मूळ आफ्रिकेत मानले जाते. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले. ज्या खंडातील कवट्या उण्या ठरवायच्या होत्या, फिशर यांचे स्वतःचे घराणेही तेथलेच निघाले.

याच कर्नाटकात, हुणसगी खोऱ्यातील इसामपूर येथे, डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी चुनखडीच्या खडकापासून हत्यारे घडवण्याची जागा उजेडात आणली. तिचे वय सुमारे बारा लाख वर्षे काढले गेले, म्हणजे ते कारागीर आपल्याहून पुष्कळ जुन्या जातीचे मानव. तेथे प्राण्यांचे दात मिळाले, दगडाचे हातोडे आणि छिलके मिळाले. त्या कारागिरांचे एकही हाड अद्याप हाती आलेले नाही.